चौतीस इंचांची बाई

अम्मीच्या पेटीत एक खाकी पाकीट होते. त्यात तिचा निकाहनामा, आमच्या जन्माचे दाखले आणि घडीवर फाटलेला चार पानांचा एक इंग्रजी कागद. कागदावर कुरळ्या केसांची एक गोरी बाई कार्डिगन घालून उभी आहे. खाली किंमत छापली आहे, चार पेन्स. त्याखाली एक ओळ : ‘टु फिट ३४-इंच बस्ट.’

हा कागद माझ्या नानांनी आणला. नाना बोटीवर खलाशी होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून त्या काळी कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष पी. अँड ओ. सारख्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर कामाला असत. बोट लंडनजवळच्या टिलबरीच्या गोदीत लागली की माणसे घरासाठी काही ना काही घेत. कोणी बिस्किटांचे डबे आणी, कोणी घोंगडीसारखी जाड शाल. नाना लोकर आणीत आणि लोकरीच्या दुकानात मिळणारे असे विणकामाचे कागद. कोकणात स्वेटरचे काय काम, असे तुम्ही विचाराल. नानीलाही तेच वाटे. ती फक्त नानांसाठी विणायची, समुद्रावरच्या थंडीसाठी. पण १९६१ मध्ये अम्मीचे लग्न होऊन ती साताऱ्याला आली आणि तो बायकांच्या कार्डिगनचा कागद तिच्या जहेजच्या पेटीतून इकडे आला. साताऱ्याच्या थंडीत तो कामाला आला. अम्मीने त्यावरून विणलेले गडद हिरवे कार्डिगन आमच्या घरच्या एका फोटोत आहे. कार्डिगन राहिले नाही, कसरीने खाल्ले. फोटो राहिला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात शिकायला प्रवेश मिळाला. सामानाची यादी करताना तिने तो फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “अम्मी, मला नानीसारखे कार्डिगन विणून दे ना.” मी पेटी उघडून कागद दाखवला. तिने चौतीसचा आकडा वाचला आणि कागद परत घडी केला. “राहू दे. मी त्यात बसणार नाही.”

माझ्या मुलीच्या छातीचे माप बेचाळीस आहे. तिला थायरॉइडचा त्रास आहे, गोळी रोज चालू आहे. घरात जेवणावर कोणी तिला बोलत नाही, पण घराबाहेर बोलणाऱ्यांची कमी नसते. महिनाभरापूर्वी एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर म्हटले होते, “आधी थोडी बारीक हो, मग कपडे शिव.” मुलगी तेव्हा हसली होती. कागदाची घडी करतानाही ती तशीच हसली. ते हसणे मला आवडले नाही. म्हणून मी त्याच आठवड्यात लोकर आणली.

आणि चुकले.

विणणाऱ्या बहुतेक बायकांना एक सोपा उपाय माहीत असतो. मोठे माप हवे तर जाड लोकर घ्या, जाड सुया घ्या आणि टाके तेवढेच ठेवा. कागदात फोर प्लाय लोकर आणि दहा नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, एका इंचात सात टाके. मी जाड लोकर आणि आठ नंबरच्या सुया घेतल्या, तेव्हा इंचात साडेपाच टाके आले. हिशेब तर जमला. पाठीचे १२३ टाके पूर्वी साडेसतरा इंच भरत, आता सव्वाबावीसच्या पुढे गेले. छाती अगदी बरोबर झाली. बाकी सगळे बिघडले. कागदात दोन खांद्यांमध्ये ९१ टाके आहेत, म्हणजे तेरा इंच. माझ्या विणीत ते साडेसोळा इंच झाले. मुलीचा खांदा साडेचौदा. बाहीची शिवण दंडावर लोंबायला लागली, गळा एवढा पसरला की आतली कमीज दिसत होती आणि कंबर मात्र घट्टच राहिली. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, “बघ, मी म्हटले नव्हते?”

म्हणजे दोष पुन्हा तिच्याच अंगाचा ठरला! मी ते सगळे उसवले. विणकामाचे हेच बरे असते, शिवलेले कापड कापले की गेले, विणलेले उसवून पुन्हा गोळा करता येतो. पण त्या दिवसापासून मी त्या चौतीस इंचांच्या बाईच्या मागे लागले. ही बाई कोण? ती खरोखर कुठे होती का?

विलायतेत १९३० ते १९५५ च्या सुमारास असे कागद आणि विणकामाची पाने असलेली साप्ताहिके घराघरांत होती. लोकर विकणाऱ्या गिरण्याच हे कागद छापत, कारण कागद स्वस्त दिला की लोकर खपते. बहुतेक कागदांवर एकच माप असे. बत्तीस, चौतीस, फार तर छत्तीस. तेव्हाचे नमुने ओळीओळीने लिहिलेले असत. आजच्या पुस्तकात कंसात सहा-सहा मापांचे आकडे देतात, तशी रीत तेव्हा फार थोडी होती. दोन-चार पानांत एकच माप नीट मावे. थोराड बायकांसाठी वेगळे नमुनेही निघत, पण त्यांवरचे चित्र आजीबाईचे आणि कपडाही आजीबाईचा. चांगले डिझाइन हवे असेल तर चौतीस.

त्यात युद्ध आले. जून १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग सुरू झाले. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपने मिळत आणि दोन औंस लोकरीला एक कूपन जाई. कार्डिगनला आठ-नऊ औंस लोकर धरली तर चार-पाच कूपने त्यातच संपली. कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले. मग नमुने आखूड आणि अंगाला चिकटून बसणारे झाले तर नवल काय? उंच कंबरेच्या स्कर्टची फॅशन होतीच, तिला आखूड स्वेटर शोभे. खांद्यापासून खालपर्यंत जेमतेम एकोणीस इंच. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली, जुने कपडे दुरुस्त करून वापरा म्हणून. जुने स्वेटर उसवणे, लोकर धुऊन सरळ करणे, पुन्हा विणणे, हे तिथल्या बायका रोजच करीत. आपल्या आयांना हे कोणी शिकवावे लागले नाही. उसवलेल्या लोकरीची लच्छी धुऊन, खाली वाटी बांधून वाळत टाकलेली मी आमच्या अंगणात दर पावसाळ्यानंतर पाहिली आहे.

आता खरी गोष्ट. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये हजारो बायकांची मापे घेऊन पाहणी झाली. पुढे या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा तशीच मोठी पाहणी झाली आणि २००४ मध्ये तिचे आकडे जाहीर झाले. १९५१ ची सरासरी बाई छातीत सदतीस, कंबरेत साडेसत्तावीस आणि नितंबात एकोणचाळीस इंच होती. नव्या पाहणीतली बाई छातीत साडेअडतीस, कंबरेत चौतीस आणि नितंबात साडेचाळीस. हे आकडे मी तीनदा वाचले. पन्नास वर्षांत छाती वाढली फक्त दीड इंच. वाढली ती कंबर, तीही साडेसहा इंच. तेव्हाच्या बायका कपड्याखाली कंबर आवळणारे पट्टे वापरीत, त्याचाही यात हात असेल.

पण मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. त्या काळातही सरासरी बाई छातीत सदतीस इंच होती. चौतीसचा नमुना त्यांच्यातल्या पुष्कळ जणींनासुद्धा बसत नव्हता!

मग मी भिंग घेऊन अम्मीचा कागद पुन्हा पाहिला. समासात पेन्सिलीच्या फिकट खुणा होत्या, त्या मला आजवर घरातल्या पोरांच्या रेघोट्या वाटत होत्या. पाठीच्या टाक्यांशेजारी बारीक अक्षरात ‘+१८’. बाहीपाशी ‘+६’. लांबीपाशी ‘४ बोटे जादा’. अक्षर अम्मीचेच. अठरा टाके म्हणजे पाठीत अडीच इंच. पुढच्या दोन्ही बाजूंना मिळून तेवढेच धरले तर अम्मीने ते कार्डिगन एकोणचाळीस-चाळीस इंचांचे विणले होते. फोटोत जी अगदी कागदावरच्या बाईसारखी दिसते, तिने कागद पाळलाच नव्हता.

मी मुलीला बोलावून त्या खुणा दाखवल्या. तिने भिंग हातात घेतले आणि बराच वेळ कागद पाहत राहिली. मग स्वतःच जाऊन टेप घेऊन आली.

वाचक भगिनींनो, यापुढचे थोडे आकड्यांचे आहे. ज्यांना विणता येते त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. ज्यांना येत नाही त्यांनी आपल्या घरातल्या येणारीला वाचून दाखवावे.

पहिली गोष्ट सुयांची. जुन्या विलायती कागदांतले सुयांचे नंबर आणि आपल्या बाजारातले नंबर एकच आहेत, नंबर मोठा तशी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. पण नमुना अमेरिकेचा असेल तर सावध राहा, तिथे नंबर मोठा तशी सुई जाड. अमेरिकेची दहा नंबर सुई सहा मिलिमीटरची असते! माझ्या ओळखीच्या एकीने बाळाचे टोपडे या घोळात एवढे मोठे विणले होते की ते बाळाच्या अब्बांना झाले.

दुसरी गोष्ट विणीच्या ताणाची. आजची फोर प्लाय आणि तेव्हाची फोर प्लाय सारखी जाड असेलच असे नाही. म्हणून कार्डिगनच्या आधी पाच-सहा इंचांचा एक चौकोन विणा, तो धुवा, वाळवा आणि मधल्या चार इंचांत टाके मोजा. हे काम कंटाळवाणे आहे, मीही तीस वर्षे टाळत आले. या खेपेला केले तर दहा नंबरच्या सुयांवर माझे इंचात साडेसहा टाके येत होते. फरक अर्ध्या टाक्याचा, पण १५९ टाक्यांच्या पाठीत तो पावणेदोन इंच होतो आणि पाठ-पुढे मिळून साडेतीन. मी अकरा नंबर घेतले, तेव्हा सात टाके आणि उभ्या इंचाला नऊ ओळी बरोबर आल्या.

तिसरी गोष्ट मापांची. फक्त छाती मोजून भागत नाही. आम्ही छाती, कंबर, नितंब, खांदा, दंड, मनगट, मुंढ्याची खोली, बाहीची लांबी, एवढे सगळे घेतले. आणखी एक माप घेतले, ते बहुतेक जणी घेत नाहीत. खांद्यावरून पुढे छातीवरून कंबरेपर्यंत आणि तसेच मागून कंबरेपर्यंत. माझ्या मुलीचे पुढचे माप मागच्यापेक्षा दोन इंचांनी जास्त निघाले. भरलेल्या अंगावर कार्डिगन पुढून वर उचलले जाते ते याच दोन इंचांपायी.

मग सैलपणा ठरवला. कागदातले कार्डिगन अंगाला जवळजवळ चिकटून बसते, तयार घेर साडेचौतीस इंच. मुलीला ते कमीजवर घालायचे होते, चिकटणारे नको होते. आम्ही तीन इंच सैल धरून घेर पंचेचाळीस ठरवला. पाठ साडेबावीस इंच, गुणिले सात, म्हणजे १५७ च्या वर टाके. पण टाके कितीही घेऊन चालत नाहीत, विणीचा हिशेब बसावा लागतो. या नमुन्यात एक उलट आणि पाच सुलट अशी सहा टाक्यांची वीण आहे, शेवटी एक उलट आणि शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका. म्हणजे सहाचा पाढा आणि वर तीन. मूळ पाठ सहा विसे एकशे वीस आणि तीन, १२३. आपली सहा सव्वीस एकशे छप्पन आणि तीन, १५९. पुढच्या दोन बाजू मूळ ६३ टाक्यांच्या, आपल्या ८१. बटणपट्टीचा एक इंच एकावर एक येतो, तो वजा करून घेर पंचेचाळीसला जुळला.

आता सगळ्यात मोठा मुद्दा. हे जे छत्तीस टाके पाठीत वाढवले, ते खांद्यापर्यंत न्यायचे नाहीत. माणसाचे अंग भरते ते छाती, पोट, दंड, नितंब इथे. हाडे तेवढीच राहतात. मुलीचा खांदा कागदातल्या बाईपेक्षा फक्त दीड इंचाने रुंद आहे, घेर मात्र दहा इंचांनी जास्त. म्हणून जादा टाके मुंढ्यातच संपवावे लागतात. मूळ नमुन्यात मुंढ्याला प्रत्येक बाजूने सोळा टाके कमी होतात आणि ९१ उरतात. आम्हाला १०१ उरवायचे होते, म्हणजे प्रत्येक बाजूने एकोणतीस कमी करायचे. त्यातले बारा एकदम बंद केले, पाच सलग पाच ओळींत कमी केले आणि राहिलेले बारा एक ओळ सोडून एक असे. मुंढ्याची खोली साडेसहा इंच होती ती आठ केली, म्हणजे बहात्तर ओळी. वर खांद्यांना तेहतीस-तेहतीस आणि गळ्याला पस्तीस टाके राहिले. मूळ गळा तेहतीस टाक्यांचा होता. दहा इंच घेर वाढला आणि गळ्यात वाढले फक्त दोन टाके! माझी पहिली चूक कुठे झाली होती ते इथे कळले.

छातीवरच्या त्या दोन इंचांसाठी अर्ध्या ओळी घातल्या. दोन इंच म्हणजे अठरा ओळी, नऊ फेऱ्या. बटणपट्टीकडून विणत निघायचे आणि बाजूच्या शिवणीआधी बारा टाके सोडून वळायचे, पुढच्या फेरीला अठरा सोडून, मग चोवीस, असे नवव्या फेरीला साठ सोडून. वळताना पुढच्या टाक्याभोवती लोकर एकदा गुंडाळून घ्यायची, नाहीतर तिथे भोक पडते. पुढची बाजू दोन इंचांनी लांब होते, शिवणीची बाजू पाठीएवढीच राहते, त्यामुळे शिवताना ओढाताण नाही. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो ना, तसाच हा विणीतला टक्स. काजांचे अंतर मात्र नव्याने मोजून घ्या. मी विसरले होते, एक काज उसवावे लागले.

कंबरेचे आम्ही काय केले? काहीच नाही. मूळ नमुना कंबरेत एकदम आत जातो, पाठीला ९९ टाके. तो भाग सोडूनच दिला आणि खालपासून १५९ टाक्यांवर सरळ विणले. लांबी एकोणीसची सव्वीस केली. इथे मुलीने एक गोष्ट सुचवली, तिचे श्रेय तिलाच. खाली एक सुलट एक उलटची पट्टी घातली तर ती नितंबावर आवळून बसणार. ती म्हणाली, “कमीजला असतात तसे चाक ठेव.” मी खाली सगळे सुलट टाके घालून सपाट पट्टी विणली आणि बाजूची शिवण चार इंच उघडी सोडली. विलायती कार्डिगनला आमचे चाक! कागदावरची बाई पाहून काय म्हणाली असती कोण जाणे.

बाहीपाशी मला एका नामांकित बाईंचा सल्ला आठवला. एलिझाबेथ झिमरमन मूळच्या इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेत गेल्या आणि १९७१ मध्ये त्यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आले. त्यांची एक हिशेबाची रीत विणणाऱ्यांत फार चालते. घेराचे एकूण टाके शंभर धरा, मनगटाला त्याचा पाचवा हिस्सा, दंडाला तिसरा. कोणताही नमुना समोर नसला तरी स्वेटर होतो. आमचा घेर पंचेचाळीस गुणिले सात, ३१५ टाके. रीतीप्रमाणे मनगट ६३ आणि दंड १०५. पण टेप सांगत होता की मुलीचे मनगट बारीक आहे आणि दंड पंधरा इंच भरलेला. मी मनगटाला ५७ आणि दंडाला ११७ टाके घेतले. रीत चांगलीच आहे, पण टेप हाताशी असताना तिच्यावर विसंबायचे कारण नाही. सत्तावन्नचे एकशे सतरा करायला दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांनी एकेक टाका वाढवला, तीस वेळा. बाहीचा वरचा गोल भाग जमवायला मात्र तीनदा उसवावे लागले. मुंढ्याला पहिल्यांदा बारा टाके एकदम बंद केले असतील तर बाहीलाही तेवढेच करायचे. मग मुंढ्याची वळणदार कड आणि बाहीची कड दोन्ही टेप उभा धरून मोजायच्या आणि जुळेपर्यंत बाहीच्या ओळी कमी-जास्त करायच्या. याला दुसरा रस्ता मला सापडला नाही.

लोकर किती लागेल याचा अंदाज आधीच करावा, कारण मागाहून आणलेल्या गोळ्याचा रंग जुळत नाही. कागदात नऊ औंस म्हटले होते, म्हणजे २५५ ग्रॅम. रुंदी सव्वापटीहून थोडी जास्त झाली, लांबी जवळजवळ तेवढीच वाढली. दोन्हींचा गुणाकार पावणेदोन पटींच्या वर जातो, साडेचारशे ग्रॅम. मी पन्नास ग्रॅमचे दहा गोळे घेतले, सगळे एकाच लॉटचे. अर्धा गोळा उरला.

हे सगळे मी एकटीनेच शोधले असे अजिबात नाही. विलायतेत या जुन्या नमुन्यांवर पुष्कळ काम झाले आहे. जेन वॉलर यांनी १९७२ मध्ये १९२० ते १९४९ मधले नमुने ‘अ स्टिच इन टाइम’ या पुस्तकात एकत्र केले. पुढे २००८ मध्ये सुझन क्रॉफर्ड यांच्यासोबत त्यांनी ते नमुने आजच्या लोकरीसाठी आणि अनेक मापांत नव्याने लिहून पुन्हा काढले. लेस्टरचे एक बिशप होते, रिचर्ड रट. धर्मगुरू असून पट्टीचे विणकर! त्यांनी १९८७ मध्ये हाताच्या विणकामाचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यांनी जमवलेला जुन्या नमुन्यांचा संग्रह आज साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. माझी मुलगी ज्या शहरात गेली तिथलाच बिशप, हे ऐकून तिला गंमत वाटली. आमच्याकडे विणकाम म्हणजे मेमसाहेबांचे आणि मिशनच्या शाळेचे हुनर, असे बोलले जाते. पण दोन सुयांच्या विणकामाचे सर्वात जुने नमुने इजिप्तमधले आहेत, मुसलमानी राजवटीतले निळे-पांढरे सुती मोजे. त्यांतले काही आज लंडन आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहेत.

कार्डिगन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाले, तिच्या विमानाच्या चार दिवस आधी. रंग तिने अम्मीचाच घेतला, गडद हिरवा. घालून ती आरशासमोर उभी राहिली, हात वर केले, खाली वाकली, बटणे लावली, काढली. मग ओढणी घेतली आणि बाहेर जाऊन अब्बांना दाखवून आली. मला काही म्हणाली नाही. सामान भरताना मात्र ते बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवले. सप्टेंबरात मुंबईच्या विमानतळावर लोकरीचे कार्डिगन!

पाठीवर, गळ्याच्या थोडे खाली, मुंढ्याला टाके बंद करताना मी एक टाका चुकले होते, तो तसाच राहिला. अम्मीने असता तर उसवायला लावला असता.

डिसेंबरात तिचा फोन आला. तिथे तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला ते कार्डिगन आवडले आहे आणि तिला तसेच विणायचे आहे. ती विणते, पण हिशेब येत नाही. “अम्मी, तिची छाती एकतीस आहे. कागदातले तिला ढगळ होतेय. तिच्यासाठी टाके कमी करून देशील?”

मी वही काढली. एकतीस आणि सैलपणाचे दोन, तेहतीस. पाठीला सहा एकोणीस आणि तीन, ११७. खांद्याचे माप तिने पाठवलेले नाही. छातीवरून अंदाज करू नकोस, टेप लावून मोजून कळव, असे सांगितले आहे.